एकट्यानं, निवांत खेळायचे गेम

सुरुवात ‘अनपॅकिंग’नं (२०२१) करा. ब्रिस्बेनच्या विच बीम स्टुडिओच्या या गेममध्ये एक मुलगी १९९७ ते २०१८ या काळात आठ वेळा बिऱ्हाड हलवते. आपण फक्त खोकी उघडायची आणि सामान लावायचं. वेळेचं बंधन नाही. संवाद नाहीत, तरी ती आपल्याला कळत जाते. २०१०मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते, तेव्हा तिच्या पदवीच्या चौकटीला भिंतीवर जागाच नसते. ती पलंगाखाली सरकवावी लागते. इतकं बोलकं दृश्य मोठमोठ्या गेममध्येही विरळाच.

‘अ शॉर्ट हाइक’ (२०१९) छोटासा आहे, एका दुपारी संपतो. क्लेअर नावाची पक्षीण फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढते. वाटेत सोनेरी पिसं गोळा केली, की जास्त उंच चढता येतं.

‘टाउनस्केपर’मध्ये ध्येयच नाही. क्लिक केलं, की पाण्यातून घर उगवतं.

‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) हा एरिक बरोन यांनी एकहाती घडवलेला शेतीचा गेम. मात्र त्यातला दिवस जेमतेम १४ मिनिटांचा. पिकांना पाणी, मासेमारी, खाण यांत धावपळ होते. पहिल्याच वर्षी सगळं उरकायचा हट्ट तेवढा सोडा.