बरा झालेला क्षय आणि आखाताचे दार

खेड, चिपळूण, मंडणगड या भागांतून आखाती देशांत चाकरीला जाण्याची प्रथा आता काही पिढ्यांची झाली आहे. पारपत्र, करारपत्र, दलालाची रक्कम या पायऱ्या चढून गेलेला तरुण पुष्कळदा अडतो तो मुंबईतील वैद्यकीय केंद्रात. आखाती सहकार परिषदेच्या देशांनी मान्य केलेल्या केंद्रातच ही तपासणी करावी लागते. रक्त तपासले जाते, छातीचे क्ष-किरण छायाचित्र घेतले जाते आणि निकाल एका शब्दात मिळतो : पात्र किंवा अपात्र.

यांतील क्षयाचा नियम विशेष जाचक आहे. सहा महिन्यांचे औषधोपचार पुरे करून रोगमुक्त झालेल्या माणसाच्या फुप्फुसावर वण राहू शकतो. तो वण कोणाला रोग देत नाही. पण छायाचित्रात तो उमटतो, आणि रोग व रोगाची खूण यांतील भेद नियमावलीला मान्य नाही. आपल्या भूमीत संसर्ग येऊ नये, ही यजमान देशांची इच्छा गैर म्हणता येणार नाही. जुना क्षय उलटूही शकतो. परंतु तो जागा आहे की नाही, हे थुंकीच्या तपासणीने ठरविता येते. केवळ वणावरून माणसाला कायमचे बाद करण्याचे कारण काय? जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. साहजिकच नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार भारतीय मजुरावर अधिक पडतो.

तपासणीचा खर्च बहुधा मजुराच्याच खिशातून जातो. अपात्र ठरल्यावर दलालाकडून पैसे परत मिळणे दुरापास्त. परदेशी पोहोचल्यावर पुन्हा तपासणी होते आणि तेथे नापास झालेल्यास परतीच्या विमानात बसविले जाते. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याने भरती करणाऱ्यांवर बंधने घातली. या शिक्क्यापुढे मात्र तो मुका आहे.

भारतात 2012 पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळविणे बंधनकारक आहे. तेव्हा केंद्राने ‘अपात्र’ म्हणून वाटेला लावलेला खरा रोगी सरकारी दवाखान्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणे आरोग्यखात्याचे काम होय. वणाविषयी आखाती सरकारांशी बोलणी करणे हे परराष्ट्रखात्याचे. ती होतील तेव्हा होतील. तोवर दलालाला पैसे देण्यापूर्वी, घरातले सोने गहाण टाकण्यापूर्वी, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात छातीचे छायाचित्र काढून घ्यावे, एवढे तरी गावोगावच्या शिक्षकांना आणि ग्रामसेवकांना सांगता येईल.