साठ प्रती आणि एक शास्त्रज्ञ

यंत्रमागावरील कामगाराला विणलेल्या कापडाच्या मापाने मजुरी मिळते. संघटनेच्या कामामुळे आमचा या हिशेबाशी जुना परिचय आहे. मापच नसते तर मजुरी मालकाच्या मर्जीवर राहिली असती, म्हणून मापाला आमचा विरोध नाही. परंतु माप कशाचे घेतले जाते, हे विचारावेच लागते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही अलीकडे हाच प्रश्न पडू लागला आहे.

शास्त्रज्ञ आपले संशोधन निबंधरूपाने नियतकालिकात प्रसिद्ध करतो. पुढे दुसरा कोणी त्या विषयावर लिहिताना आधीच्या निबंधाचा दाखला देतो. या दाखल्यांची मोठी सूची १९६४ साली अमेरिकेत यूजीन गारफील्ड याने प्रसिद्ध केली. उद्देश सोयीचा होता : कोणी, कोठे, काय लिहिले ते सापडावे. पण मोजता येण्याजोगी वस्तू हाती आली की माणूस मोजल्यावाचून राहत नाही. २००५ साली होर्हे हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्याने एक अंक सुचवला. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी निदान २० दाखले मिळाले, त्याचा अंक २०. अशा आकड्यांवर जगभर नेमणुका आणि बढत्या ठरू लागल्या. आपल्याकडेही २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, तीत प्रसिद्ध निबंधांना गुण होते.

आता हे माप मेंदूच्या एका संशोधकाला लावून पाहू. सांतियागो रामोन इ काहाल हा १८५२ साली स्पेनमधील एका खेड्यात जन्मला. मुलगा वळणावर येईना म्हणून वैद्य असलेल्या बापाने त्याला न्हाव्याकडे आणि चांभाराकडे उमेदवारीलाही ठेवले होते! पुढे तो शरीरशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८८७ साली माद्रिदमध्ये त्याला इटालियन शास्त्रज्ञ गोल्जी याच्या रीतीने रंगवलेले मेंदूचे काप पाहावयास मिळाले. या रीतीत चांदीच्या क्षारामुळे मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत स्पष्ट दिसतात. काहालने पक्ष्यांच्या आणि इतर प्राण्यांच्या गर्भावस्थेतील मेंदूंवर ही रीत चालवली. तेव्हा बहुतेकांचे मत असे की मज्जातंतू एकमेकांत मिसळून अखंड जाळे बनते. काहालला दिसले ते निराळेच : प्रत्येक पेशी स्वतंत्र, ती दुसरीला भिडते, पण तिच्यात मिसळत नाही.

हे छापणार कोण? त्याने स्वतःच्या खर्चाने नियतकालिक काढले. पहिला अंक १ मे १८८८ चा. (मे दिन म्हणून ती तारीख पाळली जाऊ लागली ती दोन वर्षांनी!) प्रती अवघ्या ६०, आणि त्या बहुतांशी परदेशी विद्वानांना पाठवलेल्या. पण मजकूर स्पॅनिशमध्ये, आणि ती भाषा वाचणारे त्या विद्वानांत थोडेच. त्या वर्षी कोणी त्याचा अंक काढला असता तर तो शून्याच्या आसपासच भरला असता.

अखेर १८८९ साली तो पदरचे पैसे खर्चून, आपले काप घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेला. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्याने एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी आणले. त्यात कोलिकर हा बहात्तर वर्षांचा स्विस पंडित होता. डोळ्यांनी पाहिल्यावर त्याची खात्री पटली आणि काहालचे लेखन वाचता यावे म्हणून तो त्या वयात स्पॅनिश शिकला. आम्हाला या सगळ्या हकिकतीत हा म्हातारा विशेष आवडतो. दाखले मोजण्यापेक्षा त्याने वाचण्याचा त्रास घेतला.

उलट बाजूही पाहावी. मिनेसोटा विद्यापीठातून २००६ साली स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर रोगावर एक निबंध निघाला. त्याला दोन हजारांहून अधिक दाखले मिळाले. त्यातील चित्रांत फेरफार आढळल्याने २०२४ साली तो मागे घेतला गेला. तोवर आकडा मात्र वाढतच होता.

आणखी एक गंमत. १८९१ साली वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने या स्वतंत्र पेशीला न्यूरॉन हे नाव दिले. आज शाळेतील मुलगाही तो शब्द वापरतो, पण त्यासाठी काहालचा दाखला कोणी देत नाही. काम सर्वांचे झाले की करणाऱ्याच्या खात्यावरून ते उतरते.

१९०६ साली काहाल आणि गोल्जी यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच समारंभाच्या भाषणात गोल्जीने काहालच्या मतावर टीका केली. दोन पेशींमधील फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट दाखवली ती १९५०च्या दशकात. काहाल १९३४ सालीच वारला होता.