टॅपेटची टकटक

मैत्रिणींनो, मिक्सर वेगळा घरघरला की आपल्याला लगेच कळतं. कुकरची शिट्टी लांबली की आपण रिंग तपासतो. मग गाडीचा आवाजच तेवढा ‘पुरुषांचं काम’ म्हणून का सोडून द्यायचा?

बचत गटाच्या कामासाठी मी तळेघरला जाते. मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इथे गाडी ही चैन नाही. १०८ रुग्णवाहिका २०१४ मध्ये सुरू झाली, तरी आडवाटेच्या वाडीतून अडलेल्या बाईला खाली न्यायला कधी कधी गावातली जुनी जीप नाहीतर ट्रॅक्सच कामी येते. तीच चढावर धापा टाकू लागली तर?

गटातल्या एकीच्या ट्रॅक्सची अशीच टकटक सुरू झाली. एका गॅरेजात सांगितलं, “पूर्ण इंजिन उघडावं लागेल.” बिचारी घाबरली. दुसऱ्या मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि म्हणाले, “वहिनी, टॅपेट सेट केले की झालं.” आम्ही दोघी तिथेच बसून सगळं पाहिलं.

इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह १५०० वेळा उघडतो आणि मिटतो. तापल्यावर धातू फुगतो, म्हणून व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांत दोन-तीन केसांइतकी फट मुद्दाम ठेवतात. ती फीलर गेजच्या पातळ पात्याने मोजतात. मारुती ८०० लाही हेच करावं लागतं.

फट वाढली की टकटक होते. पण फट उरलीच नाही तर आवाजच येत नाही, आणि खरा धोका तिथेच! व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. झाकण नीट न बसलेल्या कुकरसारखा सगळा जोर निसटतो, गाडी चढ ओढत नाही, शेवटी व्हॉल्व्ह जळतो. गप्प बसणाऱ्या बाईचं सगळं ठीकच असतं असं नाही ना, तसंच हे. म्हणून नुसता आवाज बंद करण्यासाठी टॅपेट आवळू देऊ नका.

काही गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट असतात. १९३० च्या कॅडिलॅकमध्येही ही युक्ती होती. आत इंजिन ऑइल भरतं आणि फट आपोआप भरून निघते. तिथे फीलर गेजचं काम नाही. बऱ्याच गाड्यांत सेटिंगच नसतं. काही जुन्या इंजिनांत नट असतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असताना ढिलेपणा जाईपर्यंत तो फिरवायचा आणि पुढे कंपनीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच, साधारण अर्धा ते एक फेरा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर सुरू करताना क्षणभर टकटक होते, त्याला घाबरू नका. ती थांबलीच नाही, तर आधी ऑइल कमी किंवा घाण झालंय का ते बघा.

एवढं तर आपल्याला जमेलच. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. थोडं थांबून ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर लगेच थांबून इंजिन बंद करा. आणि मिस्त्रींना बिनधास्त विचारा, “टॅपेट कोणते आहेत? फट किती ठेवली?” गाडीचा खर्च आपल्याच संसारातून जातो, मग विचारायला कसला संकोच?