मॅगझीन निघालं, काडतूस राहिलं

पिस्तूल रिकामं करायला दोनच हालचाली लागतात. मुठीतलं मॅगझीन काढायचं, मग वरची स्लाइड मागे ओढून नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये, बसलेलं काडतूस बाहेर पाडायचं. आता हा क्रम उलटा करून पाहू. स्लाइड आधी ओढली की आत बसलेलं काडतूस बाहेर पडतं, ते पडताना डोळ्यांना दिसतं आणि मन निश्चिंत होतं. पण पुढे येणारी स्लाइड तेवढ्यात मॅगझीनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. त्यानंतर मॅगझीन काढलं तरी हातातलं पिस्तूल भरलेलंच असतं. हात तेच, हालचालीही त्याच, तरी निष्पत्ती विरुद्ध. लासुर्ण्यासारख्या गावात, बारामती-इंदापूर रस्त्यालगत ऊस-द्राक्षांच्या बागायतीत, वस्तीवर एकाकी घर असलेल्या परवानाधारकाने शस्त्र भरण्या-रिकामं करण्याचा सराव करायचा तो वेगासाठी नव्हे, या क्रमासाठी. वापराविना क्रम विसरतो, म्हणून प्रशिक्षण एकदाचं उरकून भागत नाही, असं माझं म्हणणं आहे.

चेंबर रिकामं करण्याचा शेवटचा टप्पाच माणूस का चुकतो, याचं उत्तर मानसशास्त्रात आहे. मुख्य काम झालं असं मनाला वाटलं की त्यानंतरची पायरी गळून पडते. एटीएममधून पैसे हातात आले की कार्ड यंत्रातच राहतं. झेरॉक्स प्रती मिळाल्या की मूळ कागद काचेखाली राहतो. मायकेल बर्न आणि सुसान बोव्हेर या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की मनावर ताण असताना, एकाच वेळी अनेक गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात तेव्हा, ही चूक वाढते. हुशार माणसंही तिला अपवाद नसतात. ‘मॅगझीन काढलं’ हा क्षण मनाला काम पूर्ण झाल्याची पावती देतो आणि चेंबर बघायचं राहून जातं. ‘रिकामं आहे’ अशी खात्री झालेलं पिस्तूल हे भरलेल्या पिस्तुलापेक्षा घातक, कारण त्याच्यासमोर कुणी सावध नसतं.

शस्त्र जुनं असलं म्हणून चूक बदलत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. तिचा क्रम लांबलचक: दारू ओतायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचं, मग टोपी चढवायची. १८६३ मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गची लढाई मुख्यतः अशाच ठासणीच्या बंदुकांनी झाली. त्यानंतर रणांगणावरून गोळा केलेल्या सुमारे २७,५०० बंदुकांपैकी जवळपास २४,००० भरलेल्या सापडल्या, आणि त्यातल्या सुमारे निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते, अशी नोंद आहे. एका बंदुकीत तर २३ बार होते. काही सैनिकांनी मुद्दाम गोळी झाडली नसेल, असंही इतिहासकार म्हणतात, आणि ते नाकारता येत नाही. पण गोंगाटात आपली बंदूक उडाली की नाही हे न कळता हात पुढचा बार भरत राहिले, हे स्पष्टीकरण मला अधिक पटतं. हे सगळे कवायत केलेले सैनिक होते, हे विसरू नये.

आता विसरण्याबद्दल. सायकल वर्षानुवर्षं विसरत नाही, कारण ती अखंड हालचाल आहे. तोल स्वतःच पुढची हालचाल सुचवतो. सुट्या पायऱ्यांच्या कामात तसं होत नाही. एक पायरी झाली म्हणून दुसरी आपोआप आठवत नाही, त्यामुळे असं कौशल्य लवकर झिजतं. हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांची पकड काही महिन्यांतच सैल होते, हे वारंवार आढळलं आहे. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणलं, ते योग्यच झालं. पण २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. त्या पाच वर्षांत शस्त्र बहुधा कपाटातच असतं, आणि निवडणूक आली की अनेकांना ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. परत मिळतं तेव्हा शस्त्र तेच असतं, हात मात्र विसरलेले असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दारात संकट उभं असताना क्रम कोण पाळणार, तिथे चपळाईच हवी. याचं उत्तर नेमबाजीच्या मैदानावर मिळतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, त्यात जलद टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर असतं. काडतुसं भरायला मात्र एक मिनिट मिळतं. भरायची तीही आदेश झाल्यावरच, आणि पाचच. जगातले सर्वांत सराईत हात भरताना घाई करत नाहीत. वेग वाढवला की अचूकता घटते, हा हालचालीच्या शास्त्रातला जुना नियम आहे. न चुकता शेकडो वेळा केलेला क्रमच पुढे आपसूक जलद होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सवय झाली की लक्ष उडतं, मग सरावानेच बेफिकिरी येणार नाही का? येते. म्हणूनच सरावात अशी एक पायरी घालावी लागते जी सवयीने उरकता येणार नाही. रेल्वेचा लोको पायलट आणि त्याचा सहायक समोरचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत बोटही दाखवतात. चेंबर उघडून डोळ्यांनी पाहायचं, बोटाने चाचपायचं आणि ‘रिकामं’ असं तोंडाने म्हणायचं, हे त्याच जातीचं. असा सराव प्रशिक्षकासमोर, बिनदारूच्या नकली काडतुसांवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून व्हावा आणि खरी काडतुसं त्या खोलीतही नसावीत.

काहीजण म्हणतात, रिव्हॉल्व्हरला मॅगझीन नसतं, त्याला हे सारं कशाला? १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली; ते ठेवताना हातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. ठेवण्याआधी सिलिंडर उघडून सगळी घरं मोकळी केली, तर हातून निसटलेल्या रिव्हॉल्व्हरचा फक्त आवाज होतो.

पुण्यातल्या बालेवाडीचं नेमबाजी संकुल लासुर्ण्यापासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. दर सहा महिन्यांनी तिथे जा, असं शेतकऱ्याला सांगणं निरर्थक. पण निवडणुकीनंतर शस्त्र परत नेताना, प्रशिक्षित अंमलदारासमोर नकली काडतुसावर हा क्रम एकदा करून दाखवायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळीही कागदांबरोबर तेच मागता येईल.