यंत्राचा लुकमा

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाची जन्मतारीख अंकात लिहितात आणि अक्षरातही. पालक विचारतात, ‘दोनदा कशाला?’ अंक पुसट झाला, तर अक्षरे साक्ष देतात म्हणून. संगणकाच्या जगात मात्र उलटे झाले. पूर्वी संगणकातील जागा महाग होती, म्हणून प्रोग्रॅममध्ये १९३५ ऐवजी नुसते ३५ लिहीत. सन २००० जवळ आले तेव्हा धोका उमगला. ०० मधून ३५ वजा केले, तर पेन्शनरचे वय उणे ३५! विमा, व्याज, पेन्शन, सारे हिशोब अशाच वजाबाकीवर चालत होते.

प्रोग्रॅम लाखो ओळींचे आणि लिहिणारे बरेचसे निवृत्त. दुरुस्तीचे पुष्कळ काम भारतात आले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (या कंपनीचे संशोधन केंद्र पुण्यात १९८१ पासून आहे) त्यासाठी कारखान्यासारखी पद्धत बसवली आणि प्रोग्रॅम वाचून दुरुस्तीला हातभार लावणारी साधने बनवली. अशी साधने तारीख कुठे दडली आहे ते शोधतात, ती पुढे कोणत्या हिशोबात जाते त्याचा माग काढतात आणि दुरुस्तीनंतर जुनी-नवी उत्तरे ताडून पाहतात.

तरावीहमध्ये हाफिजसाहेबांच्या मागे सामेअ उभा असतो. हाफिज कितीही पक्के असोत, आयत सुटली की तो लुकमा देतो. यंत्राचे काम असेच आहे. पण लुकमाही चुकू शकतो. तेव्हा अनेक ठिकाणी सोपा नियम लावला गेला. उदाहरणार्थ, ०० ते २९ म्हणजे २००० नंतरची वर्षे, बाकीची त्याआधीची. मग १९२५ साली जन्मलेल्या दादीचे काय? नियमाने तिचा जन्म २०२५ चा ठरला! ‘२५’ कुठे आहे ते यंत्र सांगते. ते कोणाचे आहे, हे माणसालाच पाहावे लागते.

मानोऱ्यातली आपली मुले संगणक शिकायचे म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नवे ॲप असते. प्रत्यक्षात या क्षेत्रातले फार मोठे काम दुसऱ्याने लिहिलेले सांभाळण्याचे आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता दुरुस्तीही सुचवते, म्हणून ‘मग आमच्या मुलांना काम उरेल का?’ अशी काळजी पालकांना वाटते. ती खोटी नाही. पण १९ जानेवारी २०३८ ला जुन्या ३२-बिट पद्धतीच्या घड्याळांची सेकंदांची मोजणी संपणार आहे. आज सातवी-आठवीत असलेली मुले तेव्हा, इन्शाअल्लाह, कामाला लागलेली असतील. लुकमा यंत्र देईल. तो घ्यायचा की नाही, हे ओळखण्याइतके त्यांचे वाचन पक्के हवे. त्याची सुरुवात दुसऱ्याचे लिहिलेले धीराने वाचण्यापासून होते, आणि ती सवय घरातही लावता येते.