गाडीच्या सीटमधली ओल
पुराच्या पाण्यात भिजलेली चामड्याची आसने कशी वाचवावी आणि कधी सोडून द्यावी

गोंदिया हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. पाणी ही इथली दौलत. पण हेच पाणी मर्यादा ओलांडते तेव्हा ते घर, दुकान, गोठा काही पाहत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगेला महापूर आला. गोंदिया व तिरोडा तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याने वेढली. पुढे भंडारा शहरात पाणी शिरले आणि गोसेखुर्द धरणाची सर्व ३३ दारे उघडण्याची वेळ आली. तीन वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि झोपेतल्या वस्त्यांमध्ये नाग नदीचे पाणी घुसले. घरांसमोर उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या त्या पाण्यात गेल्या.

अशा वेळी माणसे वाचली की आपण अल्लाहचे आभार मानतो, आणि ते योग्यच आहे. पण पाणी ओसरल्यावर दारात चिखलाने माखलेली गाडी उभी असते. आपल्या समाजातील अनेक घरांत ही गाडी काही चैनीची वस्तू नसते. कुणी ती भाड्याने चालवतो, कुणी तीतून माल नेतो, कुणी आजारी वडिलांना त्याच गाडीतून नागपूरच्या दवाखान्यात घेऊन जातो. इंजिनाची काळजी मेकॅनिक घेतो. आसनांकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. वरून पुसली, दोन दिवस उन्हात ठेवली, सुगंधी डबी लावली की काम झाले असे समजले जाते. महिन्याभरात शिवणीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसू लागतात, चामडे पत्र्यासारखे कडक होते, आणि मुले गाडीत बसली की शिंकू लागतात.

चामड्यात पाणी गेले की काय होते?

जनावराचे कातडे म्हणजे बारीक तंतूंचे घट्ट विणलेले जाळे. ते कमावले नाही तर कुजते. पूर्वी आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावत. आज जगातील बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. कमावल्यानंतर तंतूंमध्ये तेल मुरवतात. त्या तेलामुळे तंतू एकमेकांवर सहज सरकतात, आणि म्हणूनच चामडे मऊ राहते.

पुराचे पाणी आत शिरले की त्यासोबत हे तेल थोडे थोडे बाहेर निघते. मग चामडे घाईने, उष्णता देऊन वाळवले की तंतू आक्रसून एकमेकांना चिकटतात. कडकपणा येतो, शिवण ताणली जाते, भेगा पडतात. म्हणजे बऱ्याचदा चामड्याचा नाश पाण्याने कमी आणि चुकीच्या वाळवण्याने जास्त होतो. भर उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीतले तापमान ६० अंशांच्या घरात जाऊ शकते. भिजलेल्या चामड्याला ती भट्टीच.

कातडे वाया जाऊ देऊ नये, ही शिकवण आपल्याला नवी नाही. हजरत मैमुना (रजि.) यांच्या एका मुक्त दासीला सदका म्हणून मिळालेली बकरी मेली आणि फेकून दिली गेली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले की, तिचे कातडे काढून, कमावून तुम्ही उपयोगात का आणले नाही? बकरी मेलेली आहे असे लोकांनी सांगितले, तेव्हा तिचे मांस खाणेच हराम आहे, असा खुलासा त्यांनी केला. म्हणून जे वाचवता येते ते मेहनत करून वाचवावे. नव्या आसनांवर पैसा घालण्याआधी जुनी तपासून पाहणे हे इस्राफपासून दूर राहणेच आहे.

आधी काय करावे

पाणी ओसरले तरी चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असेल तर एका झटक्यात मोठे नुकसान होते. गाडीला हात लावण्यापूर्वी आतून-बाहेरून फोटो काढा, पाणी कुठपर्यंत चढले त्याची खूण फोटोत येऊ द्या आणि विमा कंपनीला लगेच कळवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीचे नुकसान त्यात भरून मिळत नाही; सर्वसमावेशक विमा असेल तर पुराचा दावा करता येतो. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत कोणताही भाग फेकू नका.

पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी, मेलेली जनावरे, शेतातील औषधे असे सगळेच मिसळलेले असते. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार अशाच पाण्यातून येतो. म्हणून रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क लावूनच काम करावे, आणि लहान मुलांना दूर ठेवावे. नजासत लागलेल्या सीटवर नमाजाच्या कपड्यांनी बसण्याचा प्रश्न पडला तर आपल्या मशिदीच्या इमामांना विचारून घ्यावे. आरोग्याच्या दृष्टीने मात्र उत्तर एकच आहे : आधी पूर्ण धुणे, मग पूर्ण वाळवणे.

चामडे की रेक्झिन?

आपल्या रस्त्यांवरच्या ज्या गाड्यांना लोक लेदर सीटच्या म्हणतात, त्यांतील बऱ्याच प्रत्यक्षात रेक्झिनच्या असतात. अनेक गाड्यांत पाठ टेकते तेवढा भाग चामड्याचा आणि बाजू रेक्झिनच्या असतात. कव्हरची खालची कड उलटून पाहा. मागून मखमलीसारखे तंतू दिसले तर चामडे. विणलेले कापड दिसले तर रेक्झिन. रेक्झिनला पाण्याने फारसे काही होत नाही, पण त्याच्या खालचा स्पंज चामड्याखालच्या स्पंजाइतकाच भिजतो. त्यामुळे पुढचे वाळवण्याचे काम दोन्हींना सारखेच.

सीट बाहेर काढल्याशिवाय इलाज नाही

इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. ओल वर नसते, खाली असते. चामड्याखाली तीन-चार इंच जाड स्पंज असतो आणि त्याच्याही खाली, पायातल्या गालिच्याच्या आत, जाड नमदा असतो. वरचे चामडे दोन दिवसांत कोरडे लागते, पण स्पंज आठवडाभर पाणी धरून ठेवतो. ऑगस्ट महिन्यात आपल्याकडच्या हवेत एवढा दमटपणा असतो की ते पाणी आपोआप उडून जाईल ही आशाच नको. ओलसर जागी बुरशी एक-दोन दिवसांतच धरू लागते.

सीट चार बोल्टांवर बसलेली असते. पण आजच्या गाड्यांत सीटखाली तारा आणि सेन्सर असतात, काही गाड्यांत सीटच्या बाजूला एअरबॅगही असते. पिवळ्या रंगाचे प्लग दिसले तर ते एअरबॅगचे समजावे. आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी, किमान दहा मिनिटे थांबावे आणि मगच प्लग काढावेत. अनुभव नसेल तर एवढे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे. पाण्यात गेलेली एअरबॅग आणि बेल्टची यंत्रणा तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

सीट बाहेर आली की कुशनवाल्याकडून कव्हर उतरवून घ्यावे. ते स्पंजाला बारीक लोखंडी कड्यांनी अडकवलेले असते. त्या कड्या गंजतात आणि चामड्यावर गंजाचे डाग पडतात, म्हणून जुन्या काढून नव्या घालाव्यात.

धुणे

चिखल वाळण्याआधी स्वच्छ पाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजाने अलगद टिपून काढावा. वाळलेली रेती घासली की चामड्यावरचा रंगाचा थर ओरखडतो. मग पाण्यात सौम्य साबणाचे, म्हणजे लहान मुलांच्या शाम्पूसारख्या साबणाचे, थोडे थेंब टाकून मऊ कापडाने पुसावे. कपड्यांची पावडर, सोडा, ब्लीचिंग वापरू नये. चामड्याचा स्वभाव किंचित आम्ल असतो, आणि हे सगळे पदार्थ त्याच्या विरुद्ध गुणाचे आहेत. शेवटी साध्या ओल्या कापडाने साबण पूर्ण काढून घ्यावा.

बुरशी दिसत असेल तर कव्हर घराबाहेर नेऊन ती पुसावी, म्हणजे तिचे कण घरात पसरणार नाहीत. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने पुसता येते. आधी खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून रंग जातो का ते बघावे.

वाळवणे

सावली, वारा आणि सबुरी, एवढ्या तीनच गोष्टी लागतात. पडवीत किंवा खोलीत पंखा लावून कव्हर पसरून ठेवावे. ऊन, हिटर, केस वाळवायचे यंत्र, चुलीची धग हे सगळे टाळावे. चामडे अजून थोडे दमट असतानाच ते हाताने अलगद ताणून आकारात ठेवावे, म्हणजे आक्रसणार नाही.

स्पंज स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा दाबून धुवावा, जाड टॉवेलात दाबून पाणी काढावे आणि उभा करून ठेवावा. तो वाळला हे कसे ओळखायचे? हात लावून कळत नाही. घरातल्या किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर रोज त्याचे वजन करा. जोवर वजन उतरते आहे तोवर आत पाणी आहे. सलग दोन दिवस वजन तेवढेच भरले की स्पंज वाळला. गालिच्याखालचा नमदाही असाच बाहेर काढून वाळवावा.

स्पंजात गटाराचे पाणी दोन-तीन दिवस मुरले असेल, किंवा धुऊनही वास जात नसेल, तर तिथे माया करू नये, स्पंज बदलावा. चामडे वाचवण्यासाठी कुजलेला स्पंज ठेवणे म्हणजे घरच्यांच्या छातीत बुरशी भरणे.

तेल आणि रंग

चामडे जवळजवळ वाळले की बाजारात मिळणारे लेदर कंडिशनर पातळ लावावे, एक दिवस थांबून पुन्हा लावावे. घरात असते म्हणून खोबरेल किंवा सरसोचे तेल चोळू नये. ते खवट होते, कपड्यांना लागते आणि बुरशीला खाद्य मिळते. बुटाचे पॉलिशही नको. कपड्यांवर डाग पडतात. गाडीच्या बहुतेक चामड्यावर प्लास्टिकसारखा संरक्षक थर असतो, त्यामुळे वरून लावलेले फारसे आत जात नाही. कव्हर काढलेलेच आहे तर मागच्या बाजूनेही हलका हात द्यावा. रंग उडाला असेल तर पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग स्पंजाने पातळ थरांत लावावा, प्रत्येक थर वाळू द्यावा. खोल भेगा पडलेला भाग मात्र रंगाने सुधारत नाही. तेवढा तुकडा कुशनवाल्याकडून बदलून घ्यावा.

एक गोष्ट कुशनवाल्याला बजावून सांगावी. बाजूला एअरबॅग असलेल्या सीटची एक शिवण मुद्दाम कमजोर धाग्याची असते, कारण अपघातात एअरबॅग तीच फाडून बाहेर येते. तिथे मजबूत धागा घातला किंवा वरून दुसरे कव्हर चढवले तर एअरबॅग अडकते. सीट देखणी दिसेल, पण जीव वाचवणार नाही.

विकताना आणि घेताना

आता खरा प्रश्न. दुरुस्त केलेली गाडी आपण विकायला काढली, तर पुराची गोष्ट सांगायची की नाही? बाजाराची रीत म्हणते, विचारले तरच सांगा. आपला दीन वेगळे सांगतो. प्रेषित (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या ढिगाऱ्यापाशी थांबले आणि त्यांनी आत हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की, मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते? आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, असा इशारा त्यांनी दिला. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी ही हदीस सांगितली आहे.

धानाच्या या जिल्ह्यात ही हदीस समजावून सांगावी लागत नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेले धान घेत नाहीत, आणि वरचे कोरडे दाणे दाखवून कुणी ओले पोते खपवू लागला तर त्याला आपण काय म्हणतो हे सर्वांना माहीत आहे. वरून चमकणारी आणि आतून ओली सीट त्या पोत्यासारखीच. इथे तर प्रश्न फक्त पैशांचा नाही. त्या गाडीत उद्या कुणाची तरी लेकरे बसणार आहेत.

म्हणून विकताना पाणी कुठवर चढले होते, काय बदलले, काय बदलले नाही, हे सांगावे; फोटो आणि बिले दाखवावीत. किंमत थोडी कमी येईल, पण जी येईल तिच्यात बरकत असेल, इन्शाअल्लाह.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा; गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. सीटखालचे बोल्ट आणि सरकपट्ट्या गंजल्या आहेत का बघा. गालिचा उचलून नमदा दाबा, डिकीतल्या जादा चाकाची खोबण पाहा, पुढच्या दिव्यांच्या काचेत आतून धुके आहे का तपासा. आणि गाडीत शिरताच सुगंधाचा लोट आला, तर काचा वर करून दहा मिनिटे आत बसून बघा. अत्तराने वास झाकतो. ओल जात नाही.