समुद्राला विचारून घातलेली प्रदक्षिणा

आम्ही त्र्यंबकेश्वरची माणसं. प्रदक्षिणा म्हटलं, की आमच्या डोळ्यांपुढे येते ती ब्रह्मगिरीची फेरी. श्रावणातला तिसरा सोमवार, वरून धो धो पाऊस, पायाखाली चिखल आणि वीसेक किलोमीटरची चाल! माझ्या आईने ही फेरी इतक्या वेळा घातली आहे, की तिचा हिशेब तिलाच लागत नाही. त्यामुळे कोकणातल्या हरिहरेश्वरलाही डोंगराभोवती प्रदक्षिणा असते हे कळल्यावर ती म्हणाली, "मग ती राहिलीच की!"

झालं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. आई, मी, सातवीतला पुतण्या आणि चौथीतली पुतणी.

हरिहरेश्वर रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात. श्रीवर्धन म्हणजे पेशव्यांचं मूळ गाव आणि हरिहरेश्वर हे त्यांचं कुलदैवत. आमचं त्र्यंबकेश्वराचं काळ्या पाषाणाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, म्हणजे तसं जुनं नातंच निघालं.

एस.टी.तून उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लांबच लांब वाळू, आणि ती संपते तिथे एकदम उभा डोंगर. त्याचा कडा म्हणजे रंगपेटीच! खाली लाटा आपटतात तिथे काळाकुळकुळीत, त्यावर शेवाळाचा हिरवा पट्टा, वर तपकिरी, कुठे पिवळट, कुठे गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस.

"काका, हा दगड आपल्या ब्रह्मगिरीसारखाच आहे," पुतणी म्हणाली. अगदी बरोबर! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तापलेला लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून गोठला. त्यालाच बेसाल्ट म्हणतात. ब्रह्मगिरी त्याचाच आणि हा कडाही त्याचाच. दगडातल्या लोखंडाला हवापाणी लागून गंज चढतो, म्हणून तो तांबूस दिसतो.

देवळामागून चढून पलीकडे गेलं, की दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. खाली खडकाचा सपाट ओटा आहे, त्याच्यावरून डोंगराला वळसा घालून परत किनाऱ्यावर यायचं. पुतण्या तर पायऱ्यांकडे धावलाच. तेवढ्यात शहाळी विकणाऱ्या एक मावशी ओरडल्या, "ए बाळा, थांब! कुठं चाललास? पाणी चढतंय!"

आम्ही वरून डोकावलो. ओटा नव्हताच! होतं ते नुसतं फेसाळ पाणी. लाट आली की फटीत घुसायची आणि ढोल वाजल्यासारखा आवाज व्हायचा.

मावशींनी आईला विचारलं, "आजी, आज तिथी कुठली?"

आईला तिथी विचारायची? तिने ताबडतोब सांगितलं, "कार्तिक शुद्ध पंचमी. पांडवपंचमी."

"मग पाचाची पाऊणपट करा. पावणेचार. पावणेचारला पुरती भरती. आता उतरलात, तर वळणापर्यंत जाल आणि पुढंही नाही नि मागंही नाही, असे अडकाल. माणसं वाहून गेलीत इथनं."

या 'पाऊणपटी'चं गणित वहीत उतरवून घ्या. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर जी तिथी असेल, तिला पाऊणने गुणायचं. येईल तेवढ्या वाजता भरती, दुपारचीही आणि रात्रीचीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती आणि बाराला ओहोटी. समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्र ओढतो, आणि चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. भरतीही तेवढीच मागे पडते. हिशेबाला सोपा म्हणून पाऊण तास! पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एकाच रेषेत ओढतात, तेव्हा पाणी खूप चढतं नि खूप उतरतं. त्याला म्हणतात उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी-उभी पडते, ती भांगाची भरती. गणित ढोबळ आहे, वेळ थोडी इकडेतिकडे होते. आता मोबाइलवर नेमकी वेळ बघता येते, ती बघावीच. पावसाळ्यात मात्र हे गणितही विसरायचं आणि त्या ओट्यावर उतरायचंच नाही.

आता आमची पंचाईत ऐका. परतीचं तिकीट होतं दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं. पुढची ओहोटी रात्री पावणेदहाला, गडद अंधारात. त्यानंतरची षष्ठीची, म्हणजे सकाळी साडेदहाला. आई गप्प बसली. मग म्हणाली, "देवाला वरूनच नमस्कार करू."

मला ते काही पटेना. पुतण्याला घेऊन स्टँडवर गेलो नि तिकीट बदलून दुपारचं घेतलं. थोडे पैसे गेले, जाऊ देत!

दुसऱ्या दिवशी साडेनऊला पाणी उतरत असतानाच आम्ही पायऱ्या उतरलो. काल नसलेला ओटा आज ऐसपैस पसरला होता! कड्याच्या भिंतीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. ही कुणी कोरली? मिठाने! लाटांचं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि उन्हाने सुकतं. मागे मिठाचे खडे राहतात, ते वाढताना दगडाचा एकेक कण सुटा करतात. पुतणीने भोकात बोट घातलं आणि चाटलं. खारट!

आईचा हात मी सोडला नाही, कारण शेवाळावरून पाय सरकतो आणि खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. वळणावर ती थांबली, वर कड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ब्रह्मगिरी आपली वाट बघतो रे. हा नाही बघत."

किनाऱ्यावर आल्यावर पुतण्याने दप्तरातलं लोहचुंबक वाळूत फिरवलं. त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटल्या! बेसाल्टमध्ये लोहचुंबकाला चिकटणारं खनिज असतं, दगड झिजला की ते वाळूत येतं.

"आपल्या ब्रह्मगिरीची वाळू पण इथेच येते का?" त्याने विचारलं. नाही ना! अरबी समुद्र त्र्यंबकपासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, पण सह्याद्रीचा उतार पूर्वेकडे. म्हणून गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते.

घरी परतल्यावर चार-पाच दिवसांनी पाहतो, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं, 'सव्वाआठ'. चतुर्दशीला 'साडेदहा'. आई चष्मा लावून म्हणाली, "अरे, त्र्यंबकात भरती कुठली?"

"असू दे गं आजी," पुतण्या म्हणाला, "तिकडे येतेय ना!"